चार्टर कम्युनिकेशन्स

चार्टर कम्युनिकेशन्स ही अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील केबल दूरचित्रवाणी, ब्रॉडबँड इंटरनेट आणि दूरध्वनी सेवा पुरवणारी कंपनी आहे. १९९३ मध्ये मिसूरी राज्यातील सेंट लुईस येथे तिची स्थापना झाली. सध्या तिचे मुख्यालय कनेटिकट राज्यातील स्टॅमफर्ड येथे असून तिच्या सेवा 'स्पेक्ट्रम' या नावाने विकल्या जातात. २०१६ मध्ये टाइम वॉर्नर केबल आणि ब्राइट हाउस नेटवर्क्स या कंपन्या ताब्यात घेतल्यानंतर ती कॉमकास्टखालोखाल अमेरिकेतील दुसऱ्या क्रमांकाची केबल कंपनी ठरली.

२००१ ते २००९ या काळात मात्र ही कंपनी कर्जाच्या ओझ्याखाली सापडली होती. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल ॲलन यांनी मोठे कर्ज उभारून अल्पावधीत वाढवलेल्या या कंपनीला पुढे आपली केबल जाळी तुकड्यातुकड्याने विकावी लागली, जुन्या कर्जरोख्यांच्या जागी नवे रोखे द्यावे लागले आणि अखेर मार्च २००९ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला. त्याच काळात ब्रॉडबँड सेवेचा विस्तार ही तिच्या उत्पन्नवाढीची प्रमुख आशा होती. कर्जफेड आणि जाळ्याची सुधारणा या दोन गरजांमधील ओढाताण हे या काळाचे मुख्य वैशिष्ट्य आहे.

## पार्श्वभूमी

अमेरिकेत केबल दूरचित्रवाणीची सुरुवात १९४० च्या दशकाच्या अखेरीस झाली. डोंगराळ व दुर्गम गावांत दूरचित्रवाणीचे संकेत नीट पोहोचत नसत. अशा ठिकाणी उंच जागी अँटेना उभारून तेथून तारेने घरोघरी प्रक्षेपण पोहोचवले जाई. स्थानिक शासनसंस्था केबल कंपनीला सार्वजनिक रस्त्यांखालून व खांबांवरून तारा नेण्याचा परवाना देत असे. अशा परवान्याला 'फ्रँचायझी' म्हणतात. या पद्धतीमुळे देशभर हजारो लहानमोठी स्वतंत्र जाळी निर्माण झाली आणि त्यांची खरेदी-विक्री हा केबल व्यवसायाचा नित्याचा भाग बनला.

जाळ्याची किंमत साधारणपणे ग्राहकसंख्येवरून ठरवली जाते. व्यवहाराची एकूण रक्कम भागिले ग्राहकसंख्या, म्हणजेच 'दर ग्राहकामागील किंमत', हे या व्यवसायातील प्रचलित परिमाण आहे. जाळे उभारण्याचा खर्च सुरुवातीलाच करावा लागतो, तर उत्पन्न दरमहा वर्गणीच्या रूपाने मिळत राहते. त्यामुळे केबल कंपन्या मोठ्या प्रमाणावर कर्ज घेत आणि धनकोही ते देण्यास तयार असत. नियमित वर्गणीतून व्याज फेडता येईल, या गृहीतकावर हा व्यवहार उभा होता. ग्राहक टिकून राहतील आणि जाळ्याचा मोठा फेरखर्च वारंवार उद्भवणार नाही, या दोन अटी त्या गृहीतकात होत्या. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात उपग्रह दूरचित्रवाणी आणि इंटरनेट यांच्या आगमनाने या दोन्ही अटींना धक्का बसला.

## स्थापना

बॅरी बॅबकॉक, जेराल्ड केंट आणि हॉवर्ड वुड यांनी १९९३ मध्ये चार्टरची स्थापना केली. हे तिघेही पूर्वी सेनकॉम केबल या कंपनीत अधिकारी होते. लहान जाळी विकत घेऊन त्यांचे एकत्रीकरण करणे आणि व्यवस्थापनखर्च कमी करणे, हे चार्टरचे सुरुवातीचे धोरण होते. १९९८ पर्यंत तिची ग्राहकसंख्या सुमारे १२ लाखांवर गेली.

## पॉल ॲलन यांची मालकी व विस्तार

मायक्रोसॉफ्टच्या समभागांतून मोठी संपत्ती मिळवलेल्या पॉल ॲलन यांनी १९९० च्या दशकात अनेक तंत्रज्ञान व माध्यम कंपन्यांत गुंतवणूक केली. संगणक, दूरचित्रवाणी आणि दूरसंचार एकाच जाळ्यावर येतील, अशी त्यांची धारणा होती. या कल्पनेला ते 'वायर्ड वर्ल्ड', म्हणजे तारांनी जोडलेले जग, असे म्हणत. घरापर्यंत पोहोचलेली केबलची तार दूरध्वनीच्या तारेपेक्षा कितीतरी अधिक माहिती वाहू शकते. म्हणूनच या कल्पनेत केबल कंपनीला मध्यवर्ती स्थान होते.

एप्रिल १९९८ मध्ये ॲलन यांनी मार्कस केबल ही कंपनी घेण्याचा करार केला. जुलै १९९८ मध्ये चार्टर सुमारे ४.५ अब्ज डॉलरला (कर्जासह) विकत घेण्याची घोषणा झाली आणि तो व्यवहार डिसेंबरमध्ये पूर्ण झाला. पुढे मार्कस केबल चार्टरमध्ये विलीन करण्यात आली. १९९९ मध्ये चार्टरने खरेदीचा सपाटा लावला. फाल्कन, फँच, ब्रेसनन, ॲव्हलॉन, हेलिकॉन, रिफकिन, रेनेसाँ इत्यादी कंपन्यांची जाळी ताब्यात घेण्याचे करार झाले. या व्यवहारांपैकी मोठ्या व्यवहारांत ग्राहकामागे सुमारे साडेतीन ते साडेचार हजार डॉलर मोजले गेले.

नोव्हेंबर १९९९ मध्ये कंपनीने समभागांची प्रारंभिक सार्वजनिक विक्री केली. १९ डॉलर प्रतिसमभाग या दराने तीतून सुमारे ३.२ अब्ज डॉलर उभे राहिले. २००१ मध्ये एटी अँड टी ब्रॉडबँडकडून साडेपाच लाखांच्या आसपास ग्राहक असलेली जाळी सुमारे १.८ अब्ज डॉलरला घेण्यात आली. त्या वर्षी चार्टरची ग्राहकसंख्या ७० लाखांच्या जवळ पोहोचली आणि ती अमेरिकेतील प्रमुख केबल कंपन्यांत गणली जाऊ लागली.

या विस्तारात दोन अडचणी दडलेल्या होत्या. विकत घेतलेली बरीचशी जाळी जुनी व कमी क्षमतेची होती. त्यांवरून दुतर्फा सेवा, म्हणजे इंटरनेट, देण्यापूर्वी त्यांची पुनर्बांधणी करावी लागणार होती. दुसरे म्हणजे ही जाळी भौगोलिकदृष्ट्या विखुरलेली होती. एखाद्या महानगरात सलग पसरलेले जाळे एका केंद्रावरून चालवता येते. दूरदूरच्या लहान गावांतील जाळ्यांना मात्र स्वतंत्र केंद्रे, कर्मचारी व दुरुस्तीपथके लागतात. चार्टरकडे दुसऱ्या प्रकारची जाळी मोठ्या संख्येने होती.

## आर्थिक संकट

### कर्ज व भांडवली खर्च

खरेदी आणि पुनर्बांधणी हे दोन्ही खर्च मुख्यतः कर्जातून भागवण्यात आले. २००२ या एका वर्षात कंपनीने जाळे व उपकरणे यांवर सुमारे २.२ अब्ज डॉलर खर्च केले. २००४ च्या अखेरीस तिचे कर्ज १९ अब्ज डॉलरच्या वर गेले होते, तर त्या वर्षीचे उत्पन्न सुमारे ५ अब्ज डॉलर होते. २००५ मध्ये केवळ व्याजापोटी सुमारे १.८ अब्ज डॉलरचा भार पडला. उत्पन्नाच्या प्रत्येक तीन डॉलरमधील एकाहून अधिक डॉलर अशा प्रकारे व्याजात जात होता.

कंपनीची रचनाही गुंतागुंतीची होती. सर्वांत खाली प्रत्यक्ष जाळे चालवणारी कंपनी आणि तिच्यावर एकीवर एक रचलेल्या अनेक नियंत्रक कंपन्या, अशी ती उतरंड होती. बँकांचे कर्ज सर्वांत खालच्या पातळीवर होते आणि जाळ्याच्या मालमत्तेवर त्याचा पहिला हक्क होता. वरच्या पातळ्यांवरील रोखेधारकांना खालच्या पातळीची देणी भागल्यानंतर उरणाऱ्या पैशातूनच परतफेड मिळू शकत होती. म्हणून वरच्या रोख्यांवरील जोखीम व व्याजदर दोन्ही अधिक होते.

### हिशेबातील गैरप्रकार

सप्टेंबर २००१ मध्ये जेराल्ड केंट यांनी मुख्य कार्यकारी अधिकारीपद सोडले. त्यांच्या जागी कार्ल व्होगेल आले. ऑगस्ट २००२ मध्ये मिसूरीतील संघीय अभियोक्त्यांनी कंपनीच्या हिशेबांची चौकशी सुरू केली. वर्गणी न भरणाऱ्या ग्राहकांची जोडणी वेळेवर न तोडता त्यांना ग्राहकसंख्येत मोजत राहणे, तसेच सेट-टॉप बॉक्स पुरवणाऱ्या कंपन्यांना वाढीव किंमत देऊन तीच रक्कम जाहिरातीच्या उत्पन्नाच्या रूपाने परत घेणे, हे चौकशीतील मुख्य मुद्दे होते. केबल कंपनीचे बाजारमूल्य ग्राहकसंख्येवर अवलंबून असल्याने पहिला मुद्दा विशेष गंभीर होता.

एप्रिल २००३ मध्ये कंपनीने २००० आणि २००१ या वर्षांचे सुधारित हिशेब प्रसिद्ध केले. जुलै २००३ मध्ये चार माजी अधिकाऱ्यांवर आरोप ठेवण्यात आले आणि पुढे त्यांनी गुन्ह्याची कबुली दिली. जुलै २००४ मध्ये रोखे व विनिमय आयोगाशी दंडाविना तडजोड झाली. भागधारकांनी दाखल केलेला सामूहिक दावा १४.४ कोटी डॉलर मूल्याच्या तडजोडीने मिटला. २००२ च्या अखेरीस समभागाचा भाव १ डॉलरच्या आसपास घसरला होता.

### स्पर्धा

या काळात डायरेक्टीव्ही आणि एकोस्टार (डिश नेटवर्क) या उपग्रह सेवांनी ग्राहक झपाट्याने आपल्याकडे वळवले. उपग्रह सेवेला गावोगावी तार टाकावी लागत नाही. म्हणून चार्टरच्या ग्रामीण व निमशहरी क्षेत्रांत तिचा प्रभाव अधिक जाणवला. ज्या जाळ्यांची पुनर्बांधणी झालेली नव्हती, तेथे केबलवरील वाहिन्यांची संख्याही उपग्रहापेक्षा कमी होती.

## मालमत्तांची विक्री

२००३ मध्ये कंपनीने 'भौगोलिकदृष्ट्या धोरणात्मक महत्त्वाची नसलेली' जाळी विकण्याचे धोरण स्वीकारले. मुख्य क्षेत्रांपासून दूर असलेली, स्वतंत्र केंद्रावर चालणारी किंवा सुधारणेसाठी ग्राहकामागे अधिक खर्च लागणारी जाळी या वर्गात मोडत. केबल जाळ्याच्या विक्रीसाठी खरेदीदाराशी करार पुरेसा नसतो. अनेक ठिकाणी परवाना देणाऱ्या स्थानिक शासनसंस्थेची हस्तांतरणास संमती घ्यावी लागते, त्यामुळे घोषणेनंतर व्यवहार पूर्ण होण्यास काही महिने लागतात.

या काळातील प्रमुख विक्रीव्यवहार पुढीलप्रमाणे आहेत.

| वर्ष | खरेदीदार | क्षेत्र | ग्राहक (सुमारे) | किंमत (सुमारे) |
|---|---|---|---|---|
| २००३ | वेव्हडिव्हिजन होल्डिंग्ज | वॉशिंग्टन राज्यातील पोर्ट ऑर्चर्ड | २५ हजार | ९.१ कोटी डॉलर |
| २००४ | अटलांटिक ब्रॉडबँड | फ्लोरिडा, पेनसिल्व्हेनिया, मेरीलँड, डेलावेर, वेस्ट व्हर्जिनिया, न्यू यॉर्क | २.३ लाख | ७३.३ कोटी डॉलर |
| २००६ | सीब्रिज कनेक्शन्स, न्यू वेव्ह कम्युनिकेशन्स, ऑरेंज ब्रॉडबँड | वेस्ट व्हर्जिनिया, व्हर्जिनिया, इलिनॉय, केंटकी, नेव्हाडा, कोलोरॅडो, न्यू मेक्सिको, युटा | ३.५ लाख | ९७.१ कोटी डॉलर |

२००४ मधील व्यवहारात ग्राहकामागे सुमारे ३,२०० डॉलर, तर २००६ मधील व्यवहारांत सुमारे २,७०० ते २,८०० डॉलर मिळाले. १९९९ च्या मोठ्या खरेदींतील दराशी तुलना करता, मधल्या काळात केलेला सुधारणेचा खर्च धरला नाही तरी, ही किंमत कमी होती.

२००६ च्या व्यवहारांतील सर्वांत मोठी खरेदीदार असलेली सीब्रिज कनेक्शन्स ही चार्टरचेच सहसंस्थापक जेराल्ड केंट यांच्या नेतृत्वाखालील होती. चार्टर सोडल्यानंतर केंट यांनी २००२ मध्ये सीक्वेल नावाची कंपनी स्थापन केली होती. लहान शहरांतील केबल जाळी जमवून त्यांची सुधारणा करणे, हे तिचे धोरण होते. २००६ मध्येच सीब्रिजचे नाव बदलून 'सडनलिंक' असे ठेवण्यात आले.

### विक्रीचा परिणाम

वरील तिन्ही टप्प्यांतून कंपनीला एकूण सुमारे १.८ अब्ज डॉलर मिळाले. ही रक्कम २००५ या एका वर्षाच्या व्याजाएवढीच होती. विक्रीतून आलेला पैसा प्रामुख्याने बँकांची कर्जे कमी करण्यासाठी वापरला गेला. परंतु विकलेल्या जाळ्यांबरोबर त्यांची मासिक वर्गणीही गेली. त्यामुळे कर्ज व उत्पन्न यांच्या गुणोत्तरात मूलभूत फरक पडला नाही.

विक्रीचा लाभ रोख रकमेपेक्षा इतर बाबतींत अधिक झाला. सुधारणेसाठी महागडी ठरणारी जाळी हातची गेल्याने उरलेल्या क्षेत्रांवर भांडवल केंद्रित करता आले. कर्ज-करारांतील आर्थिक अटींचा भंग टळला. कंपनीला रोख रकमेअभावी तातडीने दिवाळखोरीत जावे लागले नाही.

विक्रीबरोबरच रोख्यांची अदलाबदलही सुरू होती. सप्टेंबर २००३ मध्ये सुमारे १.९ अब्ज डॉलरच्या जुन्या रोख्यांच्या बदल्यात सुमारे १.६ अब्ज डॉलरचे नवे, अधिक व्याजदराचे रोखे देण्यात आले. २००५ व २००६ मध्ये आणखी मोठ्या अदलाबदली झाल्या. यांतून परतफेडीच्या तारखा पुढे ढकलल्या गेल्या आणि कर्जाचा मूळ आकडा थोडा कमी झाला. मात्र व्याजाचा वार्षिक भार वाढतच राहिला.

## ब्रॉडबँड सुधारणा

### तांत्रिक स्वरूप

जुने केबल जाळे एकतर्फी असते. मुख्य प्रक्षेपण केंद्रातून, म्हणजे 'हेडएंड'मधून, निघालेला संकेत समाक्ष तारेने घरोघरी जातो आणि वाटेत ठरावीक अंतरावर प्रवर्धक त्याची शक्ती वाढवतात. प्रवर्धकांची मालिका जितकी लांब, तितका संकेताचा दर्जा खालावतो. शिवाय हे प्रवर्धक ग्राहकाकडून केंद्राकडे येणारा संकेत पुढे पाठवू शकत नाहीत.

इंटरनेट सेवेसाठी जाळ्याचे संकरित तंतू-समाक्ष जाळ्यात रूपांतर करावे लागते. त्यात हेडएंडपासून वस्तीपर्यंत प्रकाशीय तंतू टाकला जातो. तेथील 'नोड' या उपकरणात प्रकाशसंकेताचे विद्युतसंकेतात रूपांतर होते आणि शेवटचा टप्पा जुन्या समाक्ष तारेने पार केला जातो. एका नोडवर साधारणतः काही शे घरे असतात आणि ती सर्व घरे उपलब्ध क्षमता वाटून घेतात. वापर वाढला की नोडचे विभाजन करून प्रत्येकावरील घरांची संख्या कमी केली जाते.

तारेवरून वाहणाऱ्या वारंवारतेची कमाल मर्यादा मेगाहर्ट्झमध्ये मोजतात. अमेरिकेत एका ॲनालॉग वाहिनीला ६ मेगाहर्ट्झ जागा लागते. तेवढ्याच जागेत सांख्यिकी पद्धतीने सुमारे दहा सामान्य दर्जाच्या वाहिन्या किंवा सेकंदाला सुमारे ३८ मेगाबिट इंटरनेट माहिती पाठवता येते. त्यामुळे जाळ्याची क्षमता वाढवण्याचे दोन मार्ग ठरतात. एक म्हणजे प्रवर्धक बदलून कमाल वारंवारता ७५० किंवा ८६० मेगाहर्ट्झपर्यंत नेणे आणि दुसरा म्हणजे ॲनालॉग वाहिन्या बंद करून त्यांची जागा मोकळी करणे. दुसऱ्या मार्गात प्रत्येक दूरचित्रवाणी संचासाठी सेट-टॉप बॉक्स द्यावा लागतो, म्हणून त्यालाही मोठा खर्च येतो.

### संकटकाळातील प्रगती

चार्टरने २००० ते २००२ दरम्यान पुनर्बांधणीचा मोठा टप्पा पार पाडला. त्यानंतर मात्र हात आखडता घ्यावा लागला. २००३ मध्ये भांडवली खर्च १ अब्ज डॉलरच्या खाली आला. तरीही आधी झालेल्या पुनर्बांधणीमुळे इंटरनेट सेवा वाढत राहिली.

| वर्षअखेर | दूरचित्रवाणी ग्राहक (लाख) | इंटरनेट ग्राहक (लाख) |
|---|---|---|
| २००२ | ६६ | ११ |
| २००४ | ६० | १९ |
| २००६ | ५४ | २४ |
| २००८ | ५० | २९ |

सहा वर्षांत दूरचित्रवाणीचे सुमारे १६ लाख ग्राहक कमी झाले. त्यांपैकी सुमारे सहा लाख जाळ्यांच्या विक्रीमुळे गेले, तर उरलेले प्रामुख्याने स्पर्धेमुळे गमावले गेले. त्याच काळात इंटरनेट ग्राहकांची संख्या अडीच पटींहून अधिक झाली. ऑगस्ट २००५ मध्ये मुख्य कार्यकारी अधिकारी झालेल्या नील स्मिट यांनी दूरचित्रवाणी, इंटरनेट व दूरध्वनी यांची एकत्रित विक्री करण्यावर भर दिला. २००८ च्या अखेरीस दूरध्वनी ग्राहकांची संख्या सुमारे साडेतेरा लाख होती आणि कंपनीचे वार्षिक उत्पन्न सुमारे ६.५ अब्ज डॉलरवर गेले होते.

या काळात दूरध्वनी कंपन्याही स्पर्धेत उतरल्या. व्हेरायझनने 'फायॉस' या नावाने घरापर्यंत प्रकाशीय तंतू नेण्यास सुरुवात केली, तर एटी अँड टीने 'यू-व्हर्स' ही सेवा आणली. केबल उद्योगाचे उत्तर 'डॉक्सिस ३.०' हे तांत्रिक मानक होते. त्यात अनेक वाहिन्यांची जागा एकत्र जोडून वेग वाढवता येतो आणि नवी तार टाकावी लागत नाही. जानेवारी २००९ मध्ये चार्टरने सेंट लुईस येथे या मानकावर आधारित, सेकंदाला ६० मेगाबिट वेगाची सेवा सुरू केली. तेव्हा कंपनी दिवाळखोरीच्या उंबरठ्यावर होती. त्याच महिन्यात तिने आपल्या काही रोख्यांवरील व्याजाचा हप्ता ठरलेल्या तारखेस भरला नाही.

## दिवाळखोरी

२००८ च्या जागतिक वित्तीय संकटात नवे कर्ज मिळणे कठीण झाले आणि परतफेडीच्या तारखा आणखी पुढे ढकलण्याचा मार्ग बंद झाला. फेब्रुवारी २००९ मध्ये कंपनीने प्रमुख रोखेधारकांशी तत्त्वतः समझोता केला आणि मार्चच्या अखेरीस न्यू यॉर्कमधील संघीय न्यायालयात दिवाळखोरी कायद्याच्या ११ व्या प्रकरणाखाली अर्ज दाखल केला. त्या वेळी कंपनीवर सुमारे २१.७ अब्ज डॉलरचे कर्ज होते.

अकराव्या प्रकरणाखाली कंपनी बंद केली जात नाही. न्यायालयाच्या देखरेखीखाली व्यवसाय सुरू ठेवून कर्जाची पुनर्रचना केली जाते. त्यामुळे ग्राहकांची सेवा खंडित झाली नाही. समझोत्यानुसार वरच्या पातळीवरील रोख्यांच्या बदल्यात धनकोंना नव्या कंपनीचे समभाग मिळाले आणि नवे भांडवलही उभारण्यात आले. जुन्या समभागांची किंमत शून्य झाली.

बँकांचे मूळ कर्ज जुन्याच, तुलनेने कमी व्याजदरावर चालू ठेवण्याची योजनेत तरतूद होती. मालकी बदलली असल्याने कर्ज-कराराचा भंग झाला आहे, असे म्हणत जेपी मॉर्गनच्या नेतृत्वाखालील बँकांनी तिला हरकत घेतली. पुनर्रचनेनंतरही ॲलन यांच्याकडे ३५ टक्के मताधिकार ठेवण्याची तरतूद करण्यात आली होती. न्यायाधीश जेम्स पेक यांनी बँकांची हरकत फेटाळून नोव्हेंबर २००९ मध्ये योजनेस मंजुरी दिली आणि ३० नोव्हेंबर २००९ रोजी कंपनी दिवाळखोरीतून बाहेर पडली. तिचे कर्ज सुमारे ८ अब्ज डॉलरने कमी झाले. अपोलो, ओकट्री आणि क्रेस्टव्ह्यू या गुंतवणूक संस्था तिच्या प्रमुख भागधारक बनल्या.

## दिवाळखोरीनंतर

व्याजाचा भार हलका झाल्यावर कंपनीला जाळ्याच्या सुधारणेसाठी पैसा उपलब्ध झाला आणि पुढील काही वर्षांत डॉक्सिस ३.० सेवा तिच्या बहुतेक क्षेत्रांत पोहोचली. २०१२ मध्ये केबलव्हिजनमधून आलेले टॉम रटलेज मुख्य कार्यकारी अधिकारी झाले. २०१३ मध्ये लिबर्टी मीडियाने सुमारे २७ टक्के हिस्सा घेतला. २०१३-१४ मध्ये ॲनालॉग वाहिन्या बंद करून संपूर्ण सांख्यिकी प्रक्षेपणाकडे वळण्याचे काम झाले. त्यामुळे मोकळी झालेली जागा इंटरनेटच्या वेगासाठी वापरता आली.

मे २०१६ मध्ये टाइम वॉर्नर केबल व ब्राइट हाउस नेटवर्क्स यांचे विलीनीकरण पूर्ण झाले. संघीय दूरसंचार आयोगाने मंजुरी देताना सात वर्षे इंटरनेट वापरावर मर्यादा न घालण्याची आणि आणखी २० लाख ठिकाणी वेगवान सेवा पोहोचवण्याची अट घातली. २०२० मध्ये ग्रामीण ब्रॉडबँडसाठीच्या संघीय निधीच्या लिलावात चार्टरला २४ राज्यांतील दहा लाखांहून अधिक ठिकाणांसाठी सुमारे १.२ अब्ज डॉलरचे साहाय्य मिळाले. पूर्वी ग्रामीण जाळी विकणारी कंपनी अशा प्रकारे सरकारी साहाय्याने पुन्हा ग्रामीण भागात जाळे उभारू लागली. मे २०२५ मध्ये कॉक्स कम्युनिकेशन्स ही कंपनी सुमारे ३४.५ अब्ज डॉलरला घेण्याचा करार जाहीर झाला.

## विकलेल्या जाळ्यांची पुढील वाटचाल

चार्टरने ओझे म्हणून विकलेली जाळी खरेदीदारांच्या हाती टिकून राहिली आणि त्यांपैकी अनेक पुढे पुन्हा विकली गेली.

* अटलांटिक ब्रॉडबँड ही कंपनी कॅनडातील कोजेको या कंपनीने २०१२ मध्ये सुमारे १.३६ अब्ज डॉलरला घेतली. २०२२ मध्ये तिचे नाव 'ब्रीझलाइन' असे झाले.
* सडनलिंकमधील ७० टक्के हिस्सा घेण्याचा करार युरोपातील अल्टिस या कंपनीने २०१५ मध्ये केला. कर्जासह कंपनीचे मूल्य सुमारे ९.१ अब्ज डॉलर धरण्यात आले होते.
* ऑरेंज ब्रॉडबँडची जाळी पुढे 'बाजा ब्रॉडबँड' या नावाने चालवली गेली. २०१३ मध्ये ती कंपनी टीडीएसने घेतली.
* न्यू वेव्ह कम्युनिकेशन्स २०१७ मध्ये केबल वन या कंपनीने ७३.५ कोटी डॉलरला घेतली.
* पोर्ट ऑर्चर्डपासून सुरुवात करणारी वेव्ह ही वॉशिंग्टन, ऑरेगॉन व कॅलिफोर्निया या राज्यांत पसरली. पुढे तिचा समावेश 'ॲस्टाउंड' समूहात झाला.

वरील किमतींमध्ये या कंपन्यांनी इतरांकडून घेतलेल्या जाळ्यांचेही मूल्य समाविष्ट असल्याने त्यांची चार्टरच्या विक्रीकिमतीशी थेट तुलना करता येत नाही.

## मूल्यमापन

चार्टरचा इतिहास केबल उद्योगातील कर्जाधारित विस्ताराचे उदाहरण म्हणून पाहिला जातो. त्याच काळातील अडेल्फिया कम्युनिकेशन्स ही कंपनीही कर्ज व हिशेबातील गैरप्रकारांमुळे २००२ मध्ये दिवाळखोरीत गेली. २००६ मध्ये तिची जाळी टाइम वॉर्नर केबल व कॉमकास्ट यांनी वाटून घेतली आणि कंपनीचे अस्तित्व संपले. चार्टर मात्र टिकून राहिली.

केबलची तार भविष्यात मुख्यतः इंटरनेटसाठी वापरली जाईल, हा पॉल ॲलन यांचा तांत्रिक अंदाज बऱ्याच अंशी खरा ठरला. मात्र ते भविष्य येईपर्यंत व्याज भरत राहण्याची क्षमता कंपनीच्या आर्थिक रचनेत नव्हती. जाळ्याच्या सुधारणेचे फळ मिळण्यास जो काळ लागला, त्यात मूळ भागधारकांची गुंतवणूक बुडाली आणि त्या सुधारणेचा लाभ धनको व नंतरच्या गुंतवणूकदारांना मिळाला. ॲलन यांनी २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयडिया मॅन' या आत्मचरित्रात आपल्या केबल गुंतवणुकीविषयी लिहिले आहे. २०१८ मध्ये त्यांचे निधन झाले.

## हे सुद्धा पहा

* कॉमकास्ट
* अडेल्फिया कम्युनिकेशन्स
* टाइम वॉर्नर केबल
* पॉल ॲलन
* ब्रॉडबँड
* दिवाळखोरी